मामाजींच्या हाताची जागा

आमच्या उटनूरच्या घरासमोर एक जुनी टाटामोबाईल पिकअप उभी असते. टेल्कोने ही गाडी १९८८ साली बाजारात आणली. आमची त्यानंतर काही वर्षांनी, तीही दुसऱ्याच्या हातची घेतलेली. तिने मामाजींसोबत इंद्रवेल्ली, गुडीहतनूर, आदिलाबादचा कापूस बाजार असं सगळं पालथं घातलं. घरात नवी कार आली, तरी मामाजी तिच्यात बसले की म्हणायचे, "जमिनीवर बसल्यासारखं वाटतं."

मग त्यांना अर्धांगवायू झाला. डावी बाजू गेली. पाय हळूहळू जमिनीवर टेकू लागला, हात मात्र लोंबतच राहिला. व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीने सांगितलं, "हात असा लोंबू देऊ नका. त्याचं वजन खांद्याला ओढतं, सांधा सरकतो. बसले की कोपरापासून हाताखाली आधार पाह्यजेच." घरी उशी ठेवत होतो. पण पुष्य अमावास्या जवळ आली तशी मामाजींनी एकच घोकणी लावली, केसलापूरला जायचं. नागोबाच्या जत्रेला. मेसराम लोक गोदावरीचं पाणी पायी घेऊन येतात, तिथे आम्ही जैन काय करणार, असं नवी माणसं विचारतात. चाळीस वर्षांची गिऱ्हाइकं भेटतात, हे आमचं उत्तर. आणि जायचं ते पिकअपनेच.

आता डावा हात म्हणजे दाराकडचा. दार सपाट पत्र्याचं, वर काच खालीवर करायचं हँडल गुडघ्याला लागणारं. हात ठेवायला बोटभर जागा नाही. मी सुताराकडे गेले. माहेरच्या जुन्या खिडकीची सागवानी फळी माझ्याकडे होती, तीच नेली. त्याने दारालाच फळी ठोकून दिली. दिसायला छान. पण पहिल्याच फेरीत दोन गोष्टी कळल्या. खड्ड्यात दाराचा पत्रा थरथरतो आणि ती सगळी थरथर कोपरात जाते. दुसरी भयंकर. दुकानापाशी कुणीतरी प्रेमाने बाहेरून दार उघडलं, फळी दाराबरोबर गेली आणि हात तिच्यासोबत. मामाजी ओरडले नाहीत. नुसते पांढरे पडले. त्या रात्री मला झोप आली नाही. शहाणपण माझंच होतं ना.

मग कुशनवाल्या उस्तादांकडे. ते म्हणाले, "भाभी, दरवाजा छोडो, सीट पकडो." सीटच्या लोखंडी चौकटीला अँगल वेल्ड केला, त्याला बिजागरी, बिजागरीवर फळी. चढताना फळी वर उचलायची, बसल्यावर खाली. उंची मात्र मी मोजली. खांदा सैल सोडून कोपर काटकोनात वाकवला की जिथे येतो, तिथे वरचा पृष्ठभाग हवा. पहिल्यांदा मी फळीपर्यंत मोजलं, गादीची जाडी विसरले. मामाजींचा खांदा कानाशी गेला. पुन्हा वेल्डिंग.

गादीवरून घरात भांडण. मामाजी जन्मभर कापूस तोललेला माणूस. फोम म्हटलं की तोंड वाकडं. "कापूसच भर." भरला. आठ दिवसांत कोपराखाली खळगा आणि कडेला गाठी. शेवटी खाली कडक फोम, वर पिंजलेल्या कापसाचा पातळ थर. दोघांचंही राहिलं.

सासूबाईंची चौकशी वेगळीच. "चामडं नाही ना? आणि ते चिकटवलंय कशाने?" प्रश्न बरोबर होता. जुने सुतार ज्या सरसाने लाकूड जोडायचे, तो जनावरांची हाडं-कातडी उकळून केलेला असायचा. लहानपणी सुताराच्या डब्यातला तो वास मला आठवतो. तो कशाचा हे कुणी सांगितलं नव्हतं. घरात चामड्याची वहाण न आणणाऱ्या किती घरांत सरसाने जोडलेले पाट असतील! आता डिंक कारखान्यातला, आणि रेक्झिन म्हणजे कापडावर प्लास्टिकचा थर. हे ऐकून त्यांनी मान हलवली.

पण रेक्झिनवर घाम धरतो, आणि ज्या हातात धरायची ताकद नाही तो वळणावर घसरतो. म्हणून बाहेरच्या कडेला सुपासारखा उंच काठ केला आणि वर सुती खोळ घातली. खोळीला सासूबाईंचं विटलेलं लुगडं फाडलं, न विचारता.

जत्रेला निघालो. मामाजींनी उजव्या हाताने डावा उचलून फळीवर ठेवला, जसं झोपलेलं पोर ठेवावं. इंद्रवेल्लीपर्यंत काही बोलले नाहीत. केसलापुरात एका म्हाताऱ्या गोंड गिऱ्हाइकाने ओळखलं, रामराम म्हणत धावत येऊन धाडकन दार उघडलं. माझा जीव गळ्याशी.

हात जागच्या जागी होता.

"या, बसा," मामाजी त्याला म्हणाले, आणि मला, "पोरी, तू माग बस जरा."

मागे पोत्यांवर सासूबाई बसल्या होत्या. म्हणाल्या, "माझं लुगडं होय गं ते?"