काठेवाड एक्स्प्रेस

आमच्या घरात थापेसाठी एक स्पेशल शब्द आहे, ‘काठेवाड एक्स्प्रेस’. बॉस म्हणाला, ‘या वेळी अप्रेझल मस्त होणार’, तर घरी येऊन मी एवढंच सांगते, ‘आज काठेवाड एक्स्प्रेस राइट टाइम होती!’ बाबांना बरोब्बर कळतं.

हा शब्द आला आजोबांमुळे. त्यांच्या पोतडीत क्रिकेटचे एकेक सॉल्लिड किस्से होते. त्यातला हुकमी एक्का म्हणजे १९४८ सालचा. पुण्यात पूना क्लबच्या ग्राउंडवर निंबाळकर नावाचा आपला माणूस ४४३ वर नॉटआउट. ब्रॅडमनचं रेकॉर्ड मोडायला हवेत फक्त दहा रन. आणि तेवढ्यात समोरची काठेवाडची टीम सामान बांधून चक्क रेल्वे स्टेशनला निघून गेली! ‘मी होतो तिथं. बारा वर्षांचा. शाळा बुडवून गेलो होतो.’ गोष्ट इथवर आली की आम्ही नातवंडं कोरसमध्ये ओरडायचो, ‘काठेवाड एक्स्प्रेस!’ आजोबाही हसायचे. निदान मला तसं वाटायचं.

एका रविवारी मी ऑफिसचं प्रेझेंटेशन करत बसले होते आणि आजोबांनी पुन्हा तीच टेप लावली. लॅपटॉपमधून मान वर न काढता मी म्हटलं, ‘आजोबा, गूगल करू का?’

ते म्हणाले, ‘कर की.’

मी केलं नाही. डेडलाइन होती. त्यानंतर चार महिन्यांनी आजोबा गेले.

त्यांचं कपाट आवरताना बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा मिळाला. आत रबरबँड लावलेली चार कार्डं. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी, कोपरे झिजलेले. ही म्हणे सिगरेट कार्डं. पूर्वी सिगरेटची पाकिटं मऊ कागदाची असायची. सिगरेटी चुरगळू नयेत म्हणून आत एक जाड पुठ्ठा घालायचे. मग कंपन्यांनी त्यावर नट्या, जहाजं, खेळाडू छापायला सुरुवात केली आणि लोकांना सेट पुरा करायचं वेड लागलं. इंग्लंडमध्ये हा प्रकार १९४० मध्ये युद्धामुळे कागद टंचाई झाली तेव्हा थांबला. आजोबांनी ही कार्डं जुन्या बाजारातून उचलली होती.

ऑफिसमध्ये दाखवली तर पहिला प्रश्न, ‘कितीला जातील?’ प्रश्न अगदीच वेडगळ नाही. बेसबॉलवाल्या मिकी मँटलचं १९५२चं एक कार्ड २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. पण माझ्या कार्डांच्या मागे आजोबांनी पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं. म्हणजे कलेक्टरच्या दृष्टीनं सगळा भाव खल्लास!

मी मात्र ते लिखाणच वाचत बसले. रणजितसिंहजींच्या मागे, ‘एका दिवसात दोन सेंच्युऱ्या.’ अल्बर्ट ट्रॉटच्या मागे, ‘लॉर्ड्सच्या पॅव्हेलियनवरून सिक्सर. स्वतःच्या बेनिफिट मॅचचं स्वतःच वाटोळं केलं.’ सी. बी. फ्रायच्या मागे, ‘लांब उडीचं वर्ल्ड रेकॉर्ड. ओळीनं सहा सेंच्युऱ्या. अल्बेनियाचा राजा व्हायचा राहिला.’

कैच्या कै! मी ठरवलं, या वेळी गूगल करायचंच. शनिवार-रविवार सगळे प्लॅन कॅन्सल करून बसले.

रणजी खरा निघाला. २२ ऑगस्ट १८९६, होव्हचं मैदान, ससेक्स विरुद्ध यॉर्कशर. आदल्या दिवसाचा शून्यावर नाबाद. त्या दिवशी पहिल्या डावात १०० करून आउट झाला, टीमला फॉलोऑन मिळाला, तर दुसऱ्या डावात नाबाद १२५. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये एकाच दिवशी दोन वेगळ्या सेंच्युऱ्या पुन्हा कोणालाच जमल्या नाहीत.

ट्रॉटही खरा. ३१ जुलै १८९९ला त्यानं ऑस्ट्रेलियाच्या नोबलचा बॉल थेट पॅव्हेलियनच्या पलीकडे टोलवला. हेही नंतर कोणाला जमलेलं नाही. आणि १९०७ मध्ये सॉमरसेटविरुद्ध त्याची बेनिफिट मॅच होती, म्हणजे तिकिटांचे पैसे त्यालाच मिळायचे. पठ्ठ्यानं एकाच डावात चार बॉलवर चार विकेट काढल्या, वर आणखी एक हॅटट्रिक घेतली. मॅच लवकर आटोपली आणि त्याचा गल्ला बुडाला!

फ्रायच्या बाबतीत मात्र जरा गडबड. १८९३ मध्ये त्यानं २३ फूट साडेसहा इंच उडी मारून जागतिक विक्रमाची बरोबरी केली, हे खरं. १९०१ मधल्या सलग सहा सेंच्युऱ्याही खऱ्या. अल्बेनियाच्या राजेपदाची ऑफर आली होती, असं तो स्वतः सांगायचा. त्याचा पक्का कागद मात्र मला कुठंच मिळाला नाही. म्हणजे काठेवाड एक्स्प्रेसचा एक डबा तिकडेही होता.

आता चौथं कार्ड. ते छापलेलं नव्हतंच. पुठ्ठा बाकीच्यांच्या मापानं कापलेला. पुढच्या बाजूला पेन्सिलीनं काढलेला एक बॅट्समन, पाय जरा वाकडे. मागे लिहिलेलं, ‘भाऊसाहेब निंबाळकर. नाबाद ४४३. पूना क्लब. मी होतो.’

टाइप करायला दहा सेकंद लागली.

डिसेंबर १९४८, रणजी ट्रॉफी. काठेवाड सर्वबाद २३८. महाराष्ट्र ४ बाद ८२६. भांडारकरांच्या २०५, त्यांच्याबरोबर ४५५ची पार्टनरशिप. निंबाळकर ४४३ वर खेळत होते. ब्रॅडमनचं रेकॉर्ड होतं नाबाद ४५२, १९३० सालचं. खेळाच्या मधल्या सुट्टीत काठेवाडचे कॅप्टन, राजकोटचे ठाकोरसाहेब, म्हणाले की डाव घोषित करा, नाहीतर आम्ही निघालो. आणि ते खरंच निघाले. मॅच सोडून दिली.

ज्या रणजीचं कार्ड माझ्या हातात होतं, त्याच्याच नावाची ही स्पर्धा आणि त्याच्याच मुलखाची ही टीम. निंबाळकरांचा तो स्कोअर रणजी ट्रॉफीत आजही सगळ्यात मोठा आहे. त्यांना अधिकृत टेस्ट एकदाही खेळायला मिळाली नाही. ते गेले २०१२ मध्ये. म्हणजे आम्ही कोरसमध्ये ओरडत होतो तेव्हा किश्श्यातला हीरो हयात होता. आजोबांना घेऊन जाऊन त्यांना भेटता आलं असतं.

खूप वेळ मी स्क्रीनकडे बघत बसले. स्कोअरकार्डात दोन्ही टीमची बावीस नावं असतात. बाउंडरीपाशी बसलेल्या बारा वर्षांच्या पोराचं नाव कुठं नसतं. ‘मी होतो’ हे कुठल्याच साइटवर तपासता येत नाही. ते विचारायचं होतं आजोबांना. कुठं बसला होतात? लोक ओरडले का? निंबाळकर काय करत होते? त्यांनी ‘कर की’ म्हटलं होतं, तेव्हा हे सगळं त्यांच्याजवळ तयार असणार.

तुमच्याही घरात अशी एखादी एक्स्प्रेस धावत असेल. सगळ्यांना पाठ झालेली. तेव्हा प्लीज, गूगल करा, पण सांगणाऱ्याच्या शेजारी बसून करा. खरं निघालं तर पुढचं विचारता येतं. खोटं निघालं तर एकत्र हसता येतं.

रात्री बाबांना लॅपटॉप दाखवला. त्यांनी चष्मा लावून सगळं स्कोअरकार्ड वाचलं, परत एकदा वाचलं. मग ते कार्ड हातात घेऊन म्हणाले, ‘म्हणजे गाडी खरंच सुटली होती की गं...’