चिरकं घुंगरू

कथकच्या तत्कारात, म्हणजे पायांच्या कामात, एक खोच आहे, हे वीस वर्षं नाचूनही मला कळलं नव्हतं. ते कळलं धुळ्याच्या वर्गातल्या आठ वर्षांच्या एका मुलीमुळे.

'ता थै थै तत्, आ थै थै तत्.' पहिल्या चार मात्रा उजवा-डावा-उजवा-डावा. इथवर कुणाचंच अडत नाही. पण पाचव्या मात्रेच्या 'आ'ला पुन्हा डावाच पाय पडतो. चालायला लागल्यापासून आपण एक पाय झाला की दुसरा टाकत आलोय, त्यामुळे हे अंगाला पटत नाही. ती पोर दर वेळी 'आ'ला उजवा टाकायची. मी चार वेळा करून दाखवलं, पाचव्यांदा आवाज चढवला. ती रडवेली होऊन म्हणाली, "मॅडम, पाय आपसूक बदलस."

मी जळगावला राहते. शनिवार-रविवार धुळ्याला वर्ग. परतीच्या एस.टी.त पारोळा मागे पडेपर्यंत तिचं वाक्य डोक्यात होतं. माझा पाय का बदलत नाही? घरी आल्यावर ओट्याला धरून उभी राहिले आणि पाय अगदी सावकाश टाकून पाहिले. तेव्हा सापडलं. चौथ्या मात्रेच्या 'तत्'ला डावा पाय नुसता वाजतो. अंगाचा भार उजव्यावरच राहतो. म्हणून तो पाचव्याला पुन्हा उचलायला मोकळा असतो. पुढच्या शनिवारी तिला एवढंच सांगितलं, "चौथ्याला पाय वाजव, पण त्याच्यावर उभी राहू नकोस." तिसऱ्या आवर्तनात जमलं. मला जे येत होतं ते मला ठाऊक नव्हतं, हे त्या दिवशी कळलं.

मी आपण होऊन मास्तरीण झालेले नाही. गांधर्व महाविद्यालयाची विशारद होईपर्यंत जळगावात शिकले, मग पुण्यात, मग गावोगावचे कार्यक्रम. आमच्याकडच्या स्टेजला बहुधा सिमेंटचा कोबा असतो, वर सतरंजी. फळ्यांच्या स्टेजखाली पोकळी असते, ती पायाचा थोडा मार पिऊन टाकते. कोबा सगळा मार परत पाठवतो. कथक अनवाणी, अख्खा तळवा आपटून करायचं. तो मार घोट्यातून गुडघ्यात जाऊन बसतो. एकदा चक्करांच्या तिहाईत, शेवटच्या 'धा'ला, उजवा गुडघा आतून सरकला. सम मी गाठली. टाळ्याही पडल्या. उतरताना मात्र विंगेतल्या खांबाला धरावं लागलं. पुढे दोन वर्षं मी 'बरं वाटतंय' म्हणत काढली.

पॅरिस ऑपेराच्या बॅले नर्तकांना बेचाळिसाव्या वर्षी निवृत्त व्हावं लागतं. ऐकायला क्रूर वाटतं, पण तारीख ठरलेली असते. आमच्याकडे तशी तारीख नाही. कथकगुरू शंभू महाराज बसून भाव दाखवायचे आणि सभा खिळून राहायची. म्हणून आम्हाला वाटतं, आपणही थांबायचं कारण नाही. बसून भाव दाखवायलाही आधी आयुष्यभर उभं राहून नाचावं लागतं, हे सोयीस्कर विसरतो.

शिकवणं म्हणजे नाचणं संपल्यावरची सोय, असं मीही समजत होते. खरं तर आपल्या इतिहासात तसं काही दिसत नाही. मादाम मेनका यांनी कथकचे बॅले बसवून युरोप गाजवला, १९३६ मध्ये बर्लिनला पारितोषिकं मिळवली आणि खंडाळ्याला नृत्यालयही काढलं. त्यांच्या ताफ्यात लहानपणीच गेलेल्या दमयंती जोशी पुढे स्वतः नामवंत झाल्या आणि त्यांनीही शिष्या घडवल्या. रोहिणी भाटे यांनी पुण्यात 'नृत्यभारती' काढली ती १९४७ मध्ये, ऐन तारुण्यात. नाचणं आणि शिकवणं त्यांनी हयातभर बरोबरीनं चालवलं.

वर्गात माझे पाय कमी आणि तोंड जास्त चालतं. बोलांची पढंत करते, हातावर ताल धरते. मुलींकडे तोंड करून 'उजवा' म्हणताना स्वतःचा डावा टाकते; आता बाजारात कुणी रस्ता विचारला तरी मी क्षणभर घोटाळते. 'दुगुन' म्हटलं की पोरी पळत सुटायच्या. एकदा नातीला न्यायला आलेल्या आजी दारात बसल्या होत्या, कानबाई देवीच्या मिरवणुकीत फुगड्या घालून पाय पक्के झालेल्या. त्यांना म्हटलं, "आजी, भजनाची टाळी धरा. पोरी पळाल्या तरी तुम्ही पळू नका." आजींची टाळी जागची हलली नाही. फुगडीत लय चढत जाते. दुगुनीत लय तीच राहते, पाय तेवढे दुप्पट पडतात. इतक्या दिवसांत मला समजावता न आलेला हा भेद त्या टाळीनं दहा मिनिटांत पोरींना दाखवला. निघताना आजी म्हणाल्या, "नाचनं बी शिकनं पडस, हाई माले आज समजनं."

गेल्या मे महिन्यात, कूलरसुद्धा गरम हवा फेकत होता तेव्हा, मी माझे चाळ काढले. एका पायाला दीडशे घुंगरं. दोरी कापून सगळी वर्तमानपत्रावर ओतली. नवीन पोरींना पायाला पंचवीस पुरतात. तीनशेतून सहा जणींचे चाळ झाले. जाड सुती दोरीत प्रत्येक घुंगराला वेगळी गाठ मारत दोन दुपारी गेल्या. त्यात एक घुंगरू चिरकं निघालं. त्याला बारीक तडा होता. टाकून द्यावं तर एकानं तूट येत होती, म्हणून तेही ओवलं.

दीडशेत ते कधी ऐकू आलं नव्हतं. पंचविसांत लगेच येतं. परवा सहाही जणी तत्कार करत होत्या, मी पाठमोरी फळ्यावर बोल लिहीत होते. 'आ'च्या जागी ते किंचित उशिरा चिरकलं. मागे न वळताच म्हटलं, "दुसरी ओळ, भिंतीकडची, डावा पाय. उभी राहू नकोस त्याच्यावर."

पोरी एकमेकींकडे बघायला लागल्या. मॅडमला पाठीला डोळे आहेत, अशी आता वर्गात वदंता आहे.