पुसलेली वायर

चि. सोनूस,


प्रदर्शनासाठी काढलेले पोळीभाजी केंद्राचे फोटो मिळाले. लाटताना काकूंच्या मनगटावर ताणलेली शीर, परातीच्या काठाला सुकून बसलेलं पीठ, तव्यावर टम्म फुगलेली पोळी, सगळं छान टिपलं आहेस. पण ओट्यावर चार्जिंगला लावलेला मोबाइल आणि त्याची लोंबणारी वायर नजरेला खुपत होती म्हणून नंतर संगणकावर दोन्ही पुसून टाकली, असं तू लिहितेस. मला त्याबद्दलच बोलायचं आहे.

डोरोथिया लँगचा 'मायग्रंट मदर' हा फोटो तू अभ्यासात पाहिला असशील. १९३६ चा मार्च, कॅलिफोर्नियातलं निपोमो. थंडीने वाटाण्याचं पीक गेलेलं आणि तोडणीसाठी आलेले मजूर तळावर अडकून पडलेले. लँग सरकारी खात्यासाठी मंदीचे फोटो काढत होती. तंबूत बसलेली ३२ वर्षांची बाई, मांडीवर तान्हं बाळ, दोन्ही खांद्यांवर तोंड फिरवून रेललेली दोन मुलं, गालाला लागलेला हात, बाहीच्या निघालेल्या दशा. त्या फोटोत खाली उजव्या कोपऱ्यात तंबूचा खांब धरलेल्या हाताचा अंगठाही आला होता. लँगला तो नकोसा वाटला. काही वर्षांनी तिने निगेटिव्हवरून तो काढून घेतला. त्याची पुसट खूण आजही निरखून पाहिलं तर दिसते.

मला वाटतं, त्या अंगठ्याने ही बाई त्या खांबाशी, त्या तंबूशी, त्या एका दुपारशी बांधलेली होती. तो गेला आणि ती कुठल्याही काळातली, कुठलीही दुःखी आई झाली. चित्र देखणं झालं, पण ती बाई थोडी कमी झाली.

तिचं नावही असंच राहून गेलं. लँगच्या नोंदीत वय आहे, मुलं किती तेही आहे, नाव नाही. आपण ते विचारलं नाही, असं लँगनेच पुढे लिहून ठेवलं. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे नाव लोकांना कळलं ते १९७८ साली. ती चेरोकी वंशाची होती, हेही तोवर फोटो पाहणाऱ्यांना ठाऊक नव्हतं. अन्नासाठी तिने गाडीचे टायर विकले, असं लँगने लिहिलं होतं. घरच्यांनी ते साफ नाकारलं. त्या फोटोची आम्हाला लाज वाटायची, असं तिच्या एका मुलीने म्हातारपणी सांगितलं.

लँगबद्दल मला आदर आहे. फोटो वर्तमानपत्रात आल्यावर सरकारने तळावर सुमारे ९ हजार किलो अन्न धाडलं. भुकेल्या माणसांच्या पोटात घास गेला. पण तोवर ही बाई आपली मुलं घेऊन कामाच्या शोधात पुढे निघून गेली होती.

आपल्याकडे छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांवर केलेलं काम मिळवून पाहा. गटारात उतरलेल्या माणसाच्या अंगावरचा गाळ त्यांनी लपवला नाही आणि सजवलाही नाही. आपण ज्याच्याकडे पाहायचं टाळतो, तेच ते समोर आणून ठेवतात.

आता तुझ्या काकूंचं. डब्यांच्या ऑर्डरी त्यांना त्याच मोबाइलवर येतात ना? मग तू पुसलास तो त्यांचा धंदा. उरली ती जुन्या कॅलेंडरवरची कष्टाळू बाई. ती कुणालाच खुपत नाही, कारण तिला हिशेब नाही, गिऱ्हाईक नाही, रिचार्ज संपल्याची काळजी नाही. कष्ट करणाऱ्यांचं असं धुऊनपुसून काढलेलं चित्र आपल्याला आवडतं, याचा मला मनापासून राग येतो.

प्रदर्शनाला देण्याआधी सगळे फोटो, मूळचे, न पुसलेले, काकूंना दाखव. कुठला लावायचा आणि कुठला नाही हे त्यांनाच विचार, आणि त्या नको म्हणाल्या तर तो बाजूला ठेव, भले तुझा सगळ्यांत चांगला असला तरी. त्यांची हरकत नसेल तर खाली पूर्ण नाव, केंद्राचा पत्ता आणि त्या दिवशी किती पोळ्या लाटल्या ते लिही. एक मोठी प्रत चांगल्या कागदावर छापून, फ्रेम करून त्यांना दे. त्याचे पैसे माझ्याकडून घे.

तुझी,
मावशी