सहा टोकांचा बर्फ

विस्कॉन्सिनमध्ये मुलांना घरीच शिकवायचं तर सरकारी कटकट फारशी नाही. दरवर्षी १५ ऑक्टोबरच्या आत शिक्षण खात्याचा एक फॉर्म भरायचा, वर्षाला किमान ८७५ तास शिकवायचं, आणि वाचन, भाषा, गणित, समाजशास्त्र, विज्ञान, आरोग्य या सहा विषयांना त्यात जागा द्यायची. बाकी कधी, कसं, किती, हे आपलं आपण ठरवायचं. जानेवारीत तीन पोरांना बर्फातले कपडे चढवायला जो वेळ जातो, तो या तासांत धरायचा की नाही हे फॉर्मवर कुठे लिहिलेलं नाही. मी तो बिनदिक्कत आरोग्यात धरते. धाकटीचा अंगठा हातमोज्याच्या अंगठ्यात नेमका जाणं हा तर आमच्याकडे स्वतंत्र विषय आहे.

घरी शिकवणाऱ्या आयांमध्ये हिवाळ्याचा आठवडा भारी लोकप्रिय. सगळं काही बर्फाचं करायचं: कापसाचे बोळे चिकटवून बाहुला, मार्शमेलो मोजून बेरीज, निळ्या कागदावर पांढरी अक्षरं. दिसायला छान दिसतं. पण मार्शमेलोची केली म्हणून बेरीज हिवाळ्याची होत नाही. फक्त पोरांचे हात चिकट होतात. म्हणून आमच्याकडे थोरलीचं गणिताचं पुस्तक आणि मधल्याची अक्षरओळख त्या आठवड्यातही सकाळी नेहमीसारखीच चालते, हिवाळ्याचं नावही न काढता. जे जुलैत करताच येणार नाही, तेवढंच मी आठवड्याच्या वाट्याला ठेवते. अशा गोष्टी तशा थोड्याच असतात, आणि थोड्या असतात म्हणूनच त्यांच्यापाशी रेंगाळता येतं.

दिवसाची सुरुवात भक्तीने. मी नगरची. आमच्या संडे स्कूलमध्ये हिमावरची वचनं आम्ही घाम पुसत पाठ केली. हिम म्हणजे फ्रीजच्या वरच्या कप्प्यात साचतं तेच, अशी माझी ठाम समजूत होती. १८३१ मध्ये नगरला काम सुरू करणारं अमेरिकन मराठी मिशन बोस्टनच्या संस्थेचं, म्हणजे बर्फाच्या मुलखातलं. त्या मिशनऱ्यांनी नगरच्या उन्हात हीच वचनं वाचली असतील तेव्हा त्यांना घर आठवलं असेल का, असं आता इथे बसून मनात येतं. ते असो.

या आठवड्यासाठी मी ईयोबाच्या पुस्तकाचा अडतिसावा अध्याय काढते. ईयोब इतकी प्रकरणं देवाकडे उत्तर मागतोय, आणि देव शेवटी वादळातून बोलतो तो प्रश्नच विचारत. हिमाची कोठारं पाहिलीस का, बर्फ कुणाच्या पोटी जन्मला, अशी सरबत्तीच. शिकवणाऱ्याने हा अध्याय वर्षातून एकदा तरी वाचावा. ख्रिस्ती घरात शिकवताना एक सोपी पळवाट कायम हाताशी असते: पोराने ‘असं का?’ विचारलं, की ‘देवाने तसं केलं म्हणून’ असं सांगून मोकळं व्हायचं. ते खोटं नाही. मी मनापासून मानते. पण ते बघण्याआधीच सांगितलं तर पोर बघायचंच थांबतं. म्हणून त्या आठवड्यात मी उत्तरं देत नाही. प्रश्न कागदावर लिहून फ्रीजवर लावते.

पहिला प्रश्न दरवेळी कात्रीतून निघतो. कागदाचा हिमकण कापायचा तर बहुतेक लोक कागद अर्धा, पुन्हा अर्धा, पुन्हा अर्धा दुमडतात. सोपं आहे, पण त्याला आठ टोकं येतात, आणि आकाशातून आठ टोकांचा हिमकण पडत नाही. सहा हवीत. त्यासाठी गोल कागद आधी अर्धा करायचा आणि मग त्या अर्ध्याचे तीन सारखे भाग करायचे: एक कड पुढून आत, दुसरी मागून, शेंगदाण्याच्या पुडीसारखा कोन होतो तशी. अर्धं करायला अक्कल लागत नाही, कडेला कड जुळवली की झालं. तिसरा भाग मात्र नजरेने चाचपत काढावा लागतो. एक घडी सरकवली की दुसरी बिघडते. थोरली जीभ बाहेर काढून घडी मागेपुढे करत राहते, आणि दोन्ही कडा एकदाच्या नेमक्या बसल्या की कागदावर नखाने इतक्या जोरात रेघ ओढते की तो फाटेल असं वाटतं. अपूर्णांक तिला तिथे कळले, पुस्तकात नाही.

मग फ्रीजवर लागतं: सहाच का? खगोलशास्त्रज्ञ योहान केप्लरने १६११ मध्ये नेमक्या याच प्रश्नावर छोटंसं पुस्तक लिहून नववर्षाची भेट म्हणून आपल्या आश्रयदात्याला दिलं. केप्लर धर्मशास्त्र शिकलेला, पाळक व्हायला निघालेला माणूस. त्याने बरेच तर्क लढवले आणि शेवटी प्रश्न पुढच्यांवर सोपवला. पाण्याचे रेणू गोठताना षटकोनी जाळीत बसतात, हे कळायला पुढे तीन शतकं लागली. थोरलीला मी हे सांगते, पण आठवड्याच्या शेवटी.

खरे कण पकडायला काळं कापड लागतं, आणि ते आधी तासभर बाहेर ठेवून गार करावं लागतं. घरातलं उबदार कापड नेलं तर कण टेकताच पाणी. ताऱ्यासारखे फांद्या फुटलेले कण हवेत तर ढगात उणे पंधरा सेल्सियसच्या आसपास तापमान लागतं. उणे पाचला सुया आणि नळ्याच जास्त. भिंग घेऊन वाकायचं आणि श्वास दुसरीकडे सोडायचा. पाच वर्षांच्या मुलाला श्वास दुसरीकडे सोडायला शिकवणं म्हणजे काय, ते ज्याने केलंय त्यालाच कळेल.

व्हरमाँटच्या जेरिको गावचा शेतकरी विल्सन बेंटली हेच आयुष्यभर करत राहिला. चौदा वर्षांचा होईपर्यंत त्याला आईनेच घरी शिकवलं, आणि पहिली सूक्ष्मदर्शीही तिचीच. १५ जानेवारी १८८५ ला, वीस वर्षंही पुरी झालेली नसताना, त्याने सूक्ष्मदर्शीला कॅमेरा जोडून हिमकणाचा फोटो घेतला. पुढे असे पाच हजारांवर. कण काचेवर बसवायला तो पक्ष्याचं पीस वापरायचा. हे ऐकल्यापासून मधला बाहेर जाताना खिशात पीस ठेवतो. कण अजून एकही बसलेला नाही, पण पीस असतं.

दुपारी ठसे. अंगणात सशाचे ठसे रोजचेच: दोन मोठे पुढे, दोन छोटे मागे. मोठे म्हणजे मागचे पाय. उडी मारताना ससा पुढचे पाय आधी टेकवतो आणि मागचे त्यांच्याही पुढे आणून टाकतो. पोरं साहजिकच छोट्यांच्या दिशेने माग काढत जातात, म्हणजे ससा जिथून आला तिकडे. मी गप्प. कुंपणापर्यंत जाऊन परत येतात, वाद घालतात, पुन्हा वाकून बघतात.

संध्याकाळी मी एकदाच वाचते आणि मुलं आपल्या शब्दांत सांगतात. ब्रिटिश शिक्षणतज्ज्ञ शार्लट मेसनची ही पद्धत. शंभराहून अधिक वर्षं झाली, पण हिच्याइतकी स्वस्त आणि कडक परीक्षा मला दुसरी सापडलेली नाही. यंदा दुसऱ्या शमुवेलातला योद्धा बनाया वाचला: हिम पडलं होतं त्या दिवशी खड्ड्यात उतरून त्याने सिंह मारला. शास्त्रात एवढंच, एका ओळीत. थोरलीने ते तितक्याच कोरडेपणाने सांगितलं. मधल्याला मात्र ते पुरेना. ‘मम्मी, पण सिंह खड्ड्यात आहे हे त्याला कळलं कसं?’

‘तुला काय वाटतं?’

‘बर्फात ठसे होते ना.’

‘मग तो उलट्या दिशेने गेला असणार,’ थोरली म्हणाली. ‘तू गेलास तसा.’

‘सिंह काही सशासारखा उड्या मारत नाही!’

सिंह चालतो कसा, यावर जेवण निवलं. शेवटी नवऱ्याने सिंहाची मावशी सुचवली. शेजारच्यांचं एक करडं मांजर आहे. त्याला आपल्या अंगणात चालवायचं आणि मागचा पाय कुठे पडतो ते बघायचं, असं ठरलं. मांजराने यावं म्हणून कुंपणापाशी ट्यूना ठेवायची परवानगी मुलांनी माझ्याकडून घेतलीय. शेजारणीला विचारायचं काम माझ्या गळ्यात आहे, आणि हे समाजशास्त्रात धरायचं की विज्ञानात, ते मी अजून ठरवलेलं नाही.