दर दोन तासांनी एक वाटी

आषाढात मेळघाट डोळे निववणारा हिरवा असतो. घाट चढताना सागाची रुंद पानं टपटपत होती, दरीतून ढग वर येत होते आणि सेमाडोहला सिपना तांबडी होऊन दुथडी वाहत होती. इथल्या कोरकू आदिवासी घरांसाठी मात्र हेच दिवस सर्वांत ओढाताणीचे. गेल्या हंगामाचं धान्य संपलेलं, नवं अजून मातीत.

पुण्याहून रेल्वेने अमरावती, तिथून परतवाडा आणि पुढे जीप. आम्ही पाच जण दहा दिवसांच्या पाळीवर निघालो होतो. टपावर ताडपत्रीखाली तांदूळ, तूरडाळ, गूळ, तेल. 1993 साली इथल्या बालमृत्यूंच्या बातम्या वाचल्या, तेव्हा मी कॉलेजात होते. एकदा धान्य घेऊन जायचं, हे तेव्हापासून मनात होतं. पोती उतरवली की भूक भागेल, अशी माझी साधी समजूत होती.

हरिसालच्या पुढे एका नाल्याने अडवलं. "पाणी उतरू द्या बाई, मग टाकतो गाडी," चालक म्हणाला. पलीकडच्या काठावर एक बाई छातीशी मूल घेऊन बसली होती. तिला दवाखान्यात जायचं होतं. दोन तास आम्ही दोन काठांवरून एकाच पाण्याकडे बघत बसलो.

गावाचं नाव लिहीत नाही. तिथली लेकरं ओळखू येऊ नयेत, एवढ्यासाठी.

अंगणवाडीत सेविकाताईंनी चौदा महिन्यांच्या एका मुलाच्या दंडाला मापाची पट्टी गुंडाळली. साडेबारा सेंटिमीटरच्या वर हिरवा रंग, साडेअकराच्या खाली लाल, मध्ये पिवळा. माप लालवर आलं, 10.9. वजन 5 किलो 800 ग्रॅम. मी त्याचा दंड हातात धरला, तर माझा अंगठा आणि तर्जनी सहज जुळली.

राहवलं नाही. आमच्या जेवणातला डाळभात मी त्याच्यापुढे सरकवला. ताईंनी माझा हात धरला. "एकदम नका देऊ. उपाशी राहून अंग थकलेलं असतं, पोटभर दिलं तर जिवावर बेततं." पुढे डॉक्टरांकडून समजलं, की इतक्या खंगलेल्या शरीरात अचानक अन्न गेलं, की रक्तातल्या क्षारांचा तोल ढासळतो आणि हृदयावर ताण येतो. म्हणून थोडं थोडं, दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा.

मग ताईंनी भुकेची परीक्षा घेतली. शेंगदाणे, दूध पावडर, साखर आणि तेल यांची घट्ट पेस्ट आईने बोटावर घेऊन बाळाच्या ओठांना लावली. क्षणभर काही झालं नाही. मग जीभ बाहेर आली, बोट चाटलं, आणि त्याने आईचं मनगट दोन्ही हातांनी धरून ठेवलं. ताई हसल्या. खाल्लं, म्हणजे गावातच उपचार करता येतील.

दुसऱ्या एका मुलीने मात्र तोंड फिरवलं. तिच्या पावलावर ताईंनी अंगठा दाबला, तर खळगा तसाच राहिला. सूज. तिला धारणीच्या पोषण पुनर्वसन केंद्रात न्यायला हवं होतं. आई गप्प उभी होती. घरी आणखी दोन लेकरं, शेतात निंदणी, आणि केंद्रात मुलीजवळ दोन आठवडे राहायचं. तिच्या सासूने "पोरांना मी बघते" म्हटलं, तेव्हा कुठे ती जीपमध्ये बसली.

त्या रात्री माझी पोत्यांची समजूत गळून पडली. धान्य हवंच, त्यातला एक दाणाही वाया गेला नाही. पण पेरणीपासून आईबाप दिवसभर शेतात असतात आणि तान्हं सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. त्यात हगवण, हिवताप, न्यूमोनिया. सहा महिन्यांनंतर बाळाला आईच्या दुधाबरोबर मऊ, तेल घातलेलं अन्न वारंवार भरवावं लागतं. भरवायला घरात मोकळे हात हवेत. सरकारच्या अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा मातांना गरम जेवण, लहानग्यांना अंडी-केळी मिळतात. ती वाटी लेकराच्या ओठांपर्यंत पोचवणारं माणूस मिळालं, तरच तिचं चीज होतं.

पुढचे आठ दिवस आम्ही तेच केलं. घरोघरी फिरलो, वाट्या भरवल्या, मोठ्या बहिणींना भरवायला शिकवलं. नवव्या दिवशी त्या मुलाला पुन्हा तोललं. 6 किलो 50 ग्रॅम. पाव किलो वाढला होता! पट्टी अजून लालच होती, पण कडेवर घेतल्यावर त्याने माझा चष्मा ओढला. इतक्या दिवसांत त्याने आईच्या मनगटाखेरीज कशालाच हात घातला नव्हता.

मदत करणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. एकदाच ट्रक भरून पाठवू नका. आषाढ ते आश्विन दर महिन्याला पुरेल एवढं द्या. आईचं गाडीभाडं, तिची बुडालेली मजुरी, घरी राहिलेल्या लेकरांचं जेवण यांसाठी द्या. जमलं तर स्वतःचे दहा दिवस द्या.

परतताना त्याच नाल्यापाशी आमची जागा घेणारा गट भेटला. वजनांची वही मी त्यांच्या हाती दिली. माझी पुढची पाळी भाद्रपदात आहे.