माझ्याच हातून अडणारी गाडी

मैत्रिणींनो, मूल रात्रभर तापानं फणफणतं आणि सकाळी डॉक्टरांच्या दारात पाऊल टाकलं की खिदळायला लागतं. मग डॉक्टर आपल्याकडे असे बघतात, जणू ताप मुलाला नव्हे, आपल्याच डोक्यात चढला होता! २०१९ च्या उन्हाळ्यात आमच्या जुन्या गाडीनं माझी हुबेहूब हीच गत केली.

गाडी १९९६ सालची, कार्ब्युरेटरची. ती दारात आली तेव्हा खराडीला ग्रामपंचायत होती. गाव महापालिकेत गेलं ते १९९७ साली. पंधरा वर्षं भरल्यावर नोंदणी नव्यानं करून घेतली, पुढं पाच वर्षांनी पुन्हा. कंपनीचं नाव मुद्दामच लिहीत नाही, कारण झाल्या प्रकारात तिचा काडीचाही दोष नव्हता.

माझं माहेर शिक्रापूर. त्या वर्षी आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन पुण्यात झालं आणि तपासणीसाठी तिला आणणं-पोचवणं माझ्याकडे आलं. एका दुपारी तिला परत सोडायला निघाले. वाघोली गेली, लोणीकंद मागं पडलं, आणि गाडी गचके खायला लागली. अ‍ॅक्सिलरेटर दाबावा तर जोर येण्याऐवजी कुणी मागून पदर धरून ओढावं तशी मागं खेचायची. चार गचके खाल्ले आणि मुकाट बंद पडली. मागं ट्रकांची रांग, हॉर्नचा कल्लोळ. आई काळा चष्मा लावून आत बसलेली. "अगं, हा घाम डोळ्यात गेला तर चालेल का गं?" तिनं हळूच विचारलं. चालणार नाही, हे मला माहीत होतं. रुमालानं तिचं कपाळ टिपत राहिले. पंधरा-वीस मिनिटांनी किल्ली फिरवली तर गाडी सुरू, आणि थेट शिक्रापूरपर्यंत कशी गुणी पोरीसारखी!

घरी सांगितलं तर हे म्हणाले, "तू क्लचवर पाय ठेवून चालवतेस. नाहीतर चोक ओढलेला राहिला असेल. माझ्या हातून कशी एकदाही अडत नाही?"

आणि ते खरंच होतं, हेच तर दुखणं! हे रोज सकाळी चंदननगरला भाजीला जात, गाडी कधी कुरकुरली नाही. माझ्या हातून मात्र तीनदा अडली. तिसऱ्यांदा तर माझाच माझ्यावर भरवसा उरला नाही. "आईंना एसटीनं आणत जा, गाडी आता काढून टाकू," असं हे म्हणाले, तेव्हा मी उलट बोललेसुद्धा नाही. पंचवीस वर्षं गाडी चालवणारी बाई, मैत्रिणींनो, गप्प बसले!

गॅरेजच्या चार फेऱ्या झाल्या. मिस्त्री चौकापर्यंत चक्कर मारून यायचे आणि म्हणायचे, "ताई, गाडी तर मक्खन चालते." प्लग बदलले, पॉइंट घासले, कंडेन्सर नवा घातला, कार्ब्युरेटर खोलून धुतला. पैसे जायचे ते गेलेच. उन्हानं नळीतल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंपाला ओढायला पेट्रोलच मिळत नाही, म्हणून पंपावर ओलं फडकं ठेवायचा जुन्या ड्रायव्हरांचा उपायही करून झाला. फडकं वाळलं, गाडी अडली.

पण त्या मिस्त्रींनी बोलता बोलता एक गोष्ट लाखमोलाची सांगितली. ठिणगी गेली तर गाडी दिवा मालवावा तशी एकदम मरते; पेट्रोल कमी पडलं तर गचके खात खात मरते. बहुतेक वेळा तरी असं, हं. आमची गचके खात होती. म्हणजे दुखणं पेट्रोलच्या वाटेवरचं.

मग मी दुधाच्या हिशोबाची वही घेतली आणि शेवटच्या पानावर गाडीचा हिशोब मांडला. कुठं अडली, किती किलोमीटरनंतर, ऊन किती, किती वेळानं सुरू झाली, टाकीत पेट्रोल किती. पाचव्या नोंदीनंतर वही बोलायला लागली. दोनदा गाडी तिन्हीसांजेला अडली होती, म्हणजे दोष उन्हाचा नव्हता. दर वेळी पंधरा-वीस किलोमीटर झाल्यावरच अडली होती. ह्यांची भाजीची फेरी तितकी लांब जातच नाही. आणि पाचही वेळा मी निघताना टाकी काठोकाठ भरली होती! ह्यांची सवय पाचशे रुपयांचं टाकायची. टाकीच्या तळाशी गाळ असेल, असं मिस्त्रींना वाटत होतं; पण गाळ नडायचा तर टाकी तळाला गेल्यावर नडेल. इथं सगळं उलटंच.

कोडं सुटलं ते स्वयंपाकघरात. तेलाचा नवा पंधरा किलोचा डबा फोडायला घेतला आणि घाईत एकच भोक पाडलं. तुम्हाला ठाऊकच आहे काय होतं ते! तेल भक् भक् करतं, अडतं, पुन्हा येतं. तेल बाहेर पडायचं तर त्याच्या जागी हवा आत जायला हवी. म्हणून तर आपण समोर दुसरं भोक पाडतो. डबा हातात तसाच धरून मी उभी राहिले. आमच्या टाकीचं दुसरं भोक कुठं होतं?

पुढच्या खेपेला गाडी अडल्याबरोबर खाली उतरले आणि टाकीचं झाकण फिरवलं. स्सस् करून हवा आत ओढली गेली. झाकण लावलं, किल्ली फिरवली, जरा घरघरली आणि गाडी चालू! पंधरा मिनिटं थांबायलाच नको.

उगम मार्चमधला निघाला. ह्यांनी पेट्रोल भरताना झाकण पंपावरच विसरलं होतं आणि मग दुकानातून बसेल ते दुसरं आणून लावलं होतं. आमच्यासारख्या जुन्या गाडीला हवा आत शिरायची बारीक वाट झाकणातच असते. नव्या झाकणाला ती नव्हती. पेट्रोल जाईल तशी टाकीतली हवा विरळ होत जायची आणि पंपाला ओढणं जड जायचं. भरल्या टाकीत मुळातच हवा कमी, म्हणून तिथं लवकर अडायचं. उभी राहिली की कुठूनतरी फटीतून हवा झिरपायची आणि गाडी शहाणी व्हायची.

तुमच्याकडे जुनी गाडी असेल तर हे करून बघा. पण इंजिन बंद करून, आणि जवळपास विडी-काडी पेटती नको. झाकणाला घरी खिळ्यानं भोक पाडू नका, सैल झाकणानं गाडी हाकू नका. त्याच गाडीचं योग्य झाकण मागून घ्या. नव्या गाड्यांची टाकीची तऱ्हा निराळी असते, तिथं आपली अक्कल न चालवता गॅरेज गाठावं. वही मात्र सोबत न्या!

ह्यांना मी वही दाखवली. बराच वेळ बघत होते. "टाकी मी कधी फुल्ल केलीच नाही," एवढंच म्हणाले. रविवारी योग्य झाकण आणलं, टाकी गळ्यापर्यंत भरली आणि शिक्रापूरपर्यंत स्वतः गाडी चालवली. लोणीकंद आलं तसे आम्ही दोघंही गप्प. कोरेगाव भीमा गेलं तरी गचका नाही.

आई दारातच उभी होती. "आज जावईबापूंनी चालवली होय? हिच्या हातून परत बिघडली का?"

ह्यांनी चपला काढता काढता चहा मागितला.