आबांची बंदूक

काकांनी बंदूक जेवणाच्या टेबलावर, सोलापुरी चादर अंथरून ठेवली होती. शेजारी प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये एक टाइप केलेलं पत्र. ‘ब्रिटिश जंगल कार्बाइन, बर्मा आघाडी, १९४४. हिंदी पलटणीतल्या शिपायाने वापरलेली.’ खाली कुणाची तरी गिचमिड सही. टेक्सासमधल्या एका गन शोमध्ये काकांनी ११५० डॉलर मोजून ती घेतली होती.

“बघ की जरा,” काका म्हणाले. “तुला कळतं त्यातलं.”

मला कळतं ते असं की माझे पप्पा पोलिसात होते. २६/११ नंतर ज्या थ्री नॉट थ्रीवरून सगळीकडे इतकी चर्चा झाली, ती मी लाइनीत राहताना लहानपणापासून बघत आलोय. अमेरिकेत आल्यावर जुन्या मिलिटरी रायफलींचा नाद लागला. ह्यूस्टनच्या मराठी मंडळींत त्यामुळे माझी थोडी बदनामीच आहे.

काका अपशिंग्याचे. सातारा जिल्ह्यातलं हे गाव लोक ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखतात. त्यांचे वडील, म्हणजे आबा, मराठा लाइट इन्फंट्रीच्या चौथ्या बटालियनमध्ये होते. मार्च १९४४ मध्ये जपानी सैन्य इम्फाळकडे सरकत असताना सांगशाकच्या टेकडीवर ही बटालियन लढली. सांगशाक खरं तर मणिपुरात आहे, पण काकांच्या घरात त्याला ‘बर्मा’च म्हणतात. आबा त्याबद्दल कधी बोलले नाहीत. पाणी कमी पडलं होतं, एवढंच एकदा म्हणाले होते. मागे राहिला तो बर्मा स्टार, आक्कांच्या कपाटात. आक्का म्हणजे काकांची थोरली बहीण, गावीच असते.

“आक्काला फोटो पाठवला मी,” काका म्हणाले. “फ्रेम करायला टाकलाय तिनं. आबांची बंदूक म्हणून.”

हे त्यांनी आधी सांगितलं असतं तर मी कदाचित आलोच नसतो.

बोल्ट मागे ओढून आधी चेंबर रिकामं असल्याची खात्री केली, आत बोट घालून. मग नेम धरायची मागची खाच बघितली आणि पोटात कसंतरी झालं. खऱ्या जंगल कार्बाइनला ती अगदी मागे असते, डोळ्याजवळ, बोल्टच्याही मागे. ही नळीवर होती, पुढे. दुरून दोन्ही बंदुका सारख्याच दिसतात: आखूड नळी, टोकाला कर्ण्यासारखा फ्लॅश हायडर, कापलेलं लाकूड. पण खरी कार्बाइन नंबर ४ रायफलीवरून बनली आणि ही त्याआधीच्या नमुन्यावरची होती. नळी कापता येते, कर्णा बसवता येतो. मागची खाच हलवायची तर सगळा सांगाडाच बदलावा लागतो, आणि तेवढी मेहनत कोण घेतं?

एकदा शंका आली की बंदूक स्वतःच बोलायला लागते. खऱ्या कार्बाइनचं वजन उतरवायला लोखंड जागोजागी कोरून काढलेलं असतं, बोल्टची मूठसुद्धा आतून पोकळ केलेली असते. ही मूठ भरीव होती. कर्णा एका स्क्रूवर बसवलेला, आणि तो स्क्रू नवा, चकचकीत. मॅगझिन चौकोनी डब्यासारखं. थ्री नॉट थ्रीच्या काडतुसाला बुडाशी बाहेर आलेली कडा असते, त्यामुळे तिचं मॅगझिन खालून तिरकं दिसतं. नेमाच्या पट्टीवर शेवटचा आकडा ८००. जुन्या रायफलीवर तो २००० असतो.

माझ्याकडचं थ्री नॉट थ्रीचं प्लास्टिकचं डमी काडतूस घालून बघितलं. आत जाईना.

“जुनी आहे, गंज असेल,” काका म्हणाले.

मी काही बोललो नाही. त्यांना दिवा बंद करायला सांगितला. लाकडी दस्ता जिथे लोखंडाला भिडतो तिथल्या पट्टीवर कारखान्याचे शिक्के असतात. तिथे काळा रंग जाड थापला होता. खरवडायचं माझ्या मनात नव्हतं. मोबाइलचा टॉर्च अगदी आडवा धरला, वर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासली. आधी काहीच नाही. मग आर, एफ, आय. रायफल फॅक्टरी इशापूर, कलकत्त्याजवळची. त्याखाली ७.६२, २ए१. आणि साल १९६७.

दिवा लावला. काका कागद हातात घेऊन बराच वेळ बसले.

मग मला सांगावंच लागलं. १९६२ च्या युद्धानंतर आपल्या सैन्यात ७.६२ ची नवी काडतुसं आली. इशापूरने जुन्याच रायफलीचा नमुना घेतला, पोलाद जास्त मजबूत वापरलं आणि त्या काडतुसांसाठी ही रायफल काढली. सरकारी कामातून उतरल्यावर अशा हजारो रायफली अमेरिकेत येऊन विकल्या गेल्या. त्यातल्या काही कुणीकुणी कापून जंगल कार्बाइनसारख्या केल्या. एवढ्याने ती नकली होत नाही. नकली होतं ते पत्र. काळा रंग कुणी लावला आणि कधी, हे बंदूक सांगत नाही. विकणाऱ्यालाही कदाचित कुणीतरी असंच गंडवलं असेल.

“म्हणजे आबांची नाहीच.”

“खरी जंगल कार्बाइन असती तरी आबांची नसती काका. ती १९४४ ते ४७ मध्ये इंग्लंडात बनली. सांगशाकला आपल्या पोरांच्या हातात लांब, जुनी थ्री नॉट थ्रीच होती.” मग मला जे मघापासून वाटत होतं ते बोललो. “ती जुनी रायफल इशापूरलाही बनायची. ही तिचीच धाकटी बहीण. नेम असाच नळीवर, बोल्ट असाच फिरायचा. विकणाऱ्याने सांगितलेल्या बंदुकीपेक्षा हीच आबांच्या बंदुकीच्या जवळची आहे.”

समजूत काढायला बोललो असं त्यांना वाटलं असणार. खरं तर ते शब्दशः खरं होतं. काकांनी बोल्ट उचलला, मागे ओढला, पुढे ढकलून बंद केला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा जरा जोरात.

“पैसे परत मागू?”

“मागा. पत्रावर सही आहे.”

“आणि आक्का?”

भारतात सकाळ झाली होती. काकांनी तिथेच फोन लावला, स्पीकरवर. फ्रेम आली होती, बर्मा स्टारच्या शेजारी खिळा ठोकायचं चाललं होतं. स्टारच्या मागे आबांचं नाव कोरलंय, ते वाचता येईल असा उलटा लावू का, असं आक्का विचारत होत्या. काकांनी मध्येच तोडलं.

“आक्का, ऐक. ती बंदूक आबांची न्हाय. लढाईतलीच न्हाय. सदुसष्ट साली बनलीय.”

पलीकडे शांतता. हातोडी कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला.

“सदुसष्ट?” आक्का म्हणाल्या. “भूकंपाचं साल की रं. कोयनेचा.”

“व्हय.”

“तुला काय आठवणार, तू बारका होतास. पहाटंचं पत्रं वाजाय लागलं. आबा सगळ्यांच्या आधी उठलं, अन् ‘खाली पडा, खाली पडा’ असं हिंदीत वरडाय लागलं. आईला काय समजंना. तिला वाटलं, ह्यांना वाऱ्यात झालं. मग एका बगलेत तू, एका बगलेत मी, अंगणात आणून आडवं पाडलं आन् वर सोता पडलं. भूकंप थांबला तरी उठंनात. म्हस वरडत होती दावणीला, ती आईनं सोडली.”

काका माझ्याकडे बघत होते. हे त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं होतं.

“मग फ्रेम काढू का राहू दे?” आक्कांनी विचारलं.